रूढी, प्रथा की वहिवाट?

प्रश्न असा आला आहे: आंतरराष्ट्रीय कायद्यातल्या 'कस्टम'ला मराठीत काय म्हणावं? रूढी, प्रथा आणि वहिवाट हे तिन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरलेले दिसतात.

रूढी म्हणा. प्रथा चालणार नाही. वहिवाट एकाच ठिकाणी चालेल, पण तिथं तिच्याइतका चपखल शब्द दुसरा नाही.

आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतलं (मूळ नियमावलीतलं) कलम ३८ 'कायदा म्हणून स्वीकारलेला सर्वसाधारण परिपाठ' अशी याची ओळख देतं. म्हणजे राज्यं (इथं अर्थ देश) तसं वागत आली पाहिजेत, शिवाय ते आपल्यावर बंधन आहे असं मानून वागत आली पाहिजेत. हे दुसरं गळालं की उरते ती प्रथा. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकीला माहेरी आणायचं, ही खान्देशातली प्रथा. एखाद्या वर्षी मुऱ्हाळी गेला नाही तर रुसवे-फुगवे होतील, दावा कोणी लावणार नाही. उत्तर समुद्राच्या सागरतळाबद्दलच्या १९६९च्या निकालात हाच भेद आहे: राजशिष्टाचार जवळजवळ न चुकता पाळले जातात, पण सौजन्य, सोय किंवा परंपरा म्हणून, कायद्याचं बंधन म्हणून नव्हे.

'रूढी' म्हटलं की बुरसटलेपणा आठवतो, हा आक्षेप मला मान्य नाही. एखादा शब्द 'रूढ झाला' म्हणताना आपण त्याला नावं ठेवत नाही. कायद्याच्या भाषेत तोच तटस्थ अर्थ घ्यायचा.

आता वहिवाट. दुसऱ्याच्या वावरातून जाणारी गाडीवाट धुळे-जळगावकडे कोणाला समजावून सांगावी लागत नाही. १८८२च्या सुविधाधिकार कायद्यानुसार वीस वर्षं उघडपणे, विनाअडथळा आणि हक्काने वापरली, तर तिचा हक्क होतो. दरवर्षी पेरणीआधी 'गाडी नेऊ का?' असं विचारून गेलात, तर पन्नास वर्षांनीही होत नाही. परवानगी मागणं म्हणजे हक्क नसल्याची कबुलीच.

नेमका हाच मुद्दा आंतरराष्ट्रीय न्यायालयातल्या पोर्तुगाल विरुद्ध भारत या खटल्यात निर्णायक ठरला. दोन्ही मुलूख तेव्हा पोर्तुगिजांचे, पण दमणहून दादरा-नगर हवेलीला जायचं तर मधे भारताची हद्द. जुलै १९५४मध्ये भारताने वाट अडवली. १२ एप्रिल १९६०च्या निकालात न्यायालयाने म्हटलं की खासगी माणसं, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल सव्वाशे वर्षं निर्वेध जात होता, म्हणून तेवढ्यापुरता हक्क आहे. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना मात्र परवानगी घ्यावी लागे, म्हणून तो हक्क नाही (आठ विरुद्ध सात मतं). १९५४ची परिस्थिती पाहता भारताने अडवणूक करून आपलं कर्तव्य मोडलं नाही, असंही ठरलं. दोनच राज्यांमधल्या दीर्घ परिपाठातूनही हक्क उभा राहतो, हे या निकालाने स्पष्ट केलं. अशा द्विपक्षीय रूढीला मी बेलाशक वहिवाट म्हणेन. सगळ्या जगाला लागू असलेल्या रूढीला नाही.

याच खटल्यात 'सरंजाम' (गावांच्या महसुलाचं दान) हा आपला शब्दही तपासला गेला. १७७९च्या तहाने पेशव्यांनी पोर्तुगिजांना गावांचा महसूल दिला की सार्वभौमत्व? न्यायालयाने तहाच्या कलम १७चे वेगवेगळे पाठ पाहिले आणि मराठ्यांनी दिला तो महसूल, असा निष्कर्ष काढला.

विशेषण करताना 'रूढिजन्य आंतरराष्ट्रीय कायदा' लिहा. समासात रूढीची 'ढि' ऱ्हस्व होते.