चोक अर्धा ठेवला की चालतो, सोडला की बंद पडतो: पेट्रोलच्या ग्रास कटरचं काय बिघडलंय?

तुम्ही लिहिलंय की तुमचा टू-स्ट्रोक ग्रास कटर चार-पाच झटक्यांत सुरू होतो, पण अडखळत चालतो आणि रेस दिली की घुसमटून बंद पडतो. चोक अर्धा ठेवला तर मात्र चालत राहतो. नवा प्लग टाकूनही फरक पडला नाही, म्हणून आता कार्ब्युरेटरचे (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचे) स्क्रू फिरवून बघू का, असं विचारलंय.

स्क्रूंना अजून हात लावू नका. अर्धं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. चोक म्हणजे हवेची वाट अडवणारी झडप. हवा अडवल्यावर इंजिन सुधारतंय, म्हणजे एरवी त्याला पेट्रोल कमी पडतंय, नाहीतर कुठूनतरी जास्तीची हवा आत शिरतेय. एअर फिल्टर बुजलेला असता तर चोकवर मशीन आणखी गुदमरलं असतं. प्लग-कॉइलचा दोष असता तर तो चोकने असा झाकला गेला नसता. त्यामुळे आधी टाकीपासून सिलिंडरपर्यंतची पेट्रोलची वाट तेवढी तपासायची.

हे तपासून होईपर्यंत मशीन दामटून वापरू नका, ही मनापासून विनंती. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला ऑइल मिळतं ते पेट्रोलमधूनच. पेट्रोल कमी पोचलं की ऑइलही कमी पोचतं, इंजिन तापतं आणि पिस्टनवर ओरखडे पडतात. पाच मिनिटांत साफ होणाऱ्या फिल्टरपायी अख्खं इंजिन गेलेलं मी पाहिलं आहे.

पहिलं काम टाकी रिकामी करायचं. इंजिन गार असू द्या, मोकळ्या हवेत बसा, जवळ विडी-काडी नको. काढलेलं पेट्रोल काचेच्या बरणीत घेऊन थोडा वेळ स्थिर ठेवा. तळाशी वेगळा थर किंवा थेंब दिसले तर ते पाणी. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि दोन-तीन महिने पडून राहिलेल्या मिश्रणाला आंबूस, वार्निशसारखा वास येतो. तसलं पेट्रोल मशीनमध्ये परत घालू नका. ताजं मिश्रण मशीनच्या पुस्तिकेतल्या प्रमाणातच करा: ५०:१ असेल तर १ लिटरला २० मिली ऑइल, २५:१ असेल तर ४० मिली. अंदाजाने ओतू नका, मापाने घ्या.

आता पाइप आणि फिल्टर. माझा बहुतेक वेळ इथेच जातो, कारण दोष बहुधा इथेच सापडतो. टाकीच्या तोंडातून वाकडी केलेली तार घालून आतला फिल्टर बाहेर ओढा. पाइपच्या टोकाला बांधलेला तो छोटा वजनदार तुकडा. काळपट, चिकट झाला असेल तर धूत बसू नका, बदला. मग पाइप बोटांनी वाकवून बघा. नुसतं वरून बघून भागत नाही. माझ्या पहिल्या मशीनला अगदी तुमच्यासारखाच त्रास होता. मी दोन दिवस कार्ब्युरेटर उघडून साफ करत होतो आणि चीर निघाली ती पाइप टाकीत शिरतो त्या कडेला, रबरी बुचाच्या आत. सरळ असताना ती दिसायचीच नाही, पाइप वाकवला की उघडायची. तिथून पेट्रोलऐवजी हवा ओढली जात होती. प्रायमरचा फुगा (सुरू करण्याआधी दाबून पेट्रोल ओढायचा तो रबरी फुगा) दाबताना त्यात बुडबुडे येतच राहिले, किंवा सात-आठ वेळा दाबूनही तो पेट्रोलने भरला नाही, तर चीर कुठेतरी आहे असं समजा. फुग्यालाही तडे जातात, तोही बघून घ्या.

टाकीला हवा आत घ्यायची एक बारीक वाट असते, झाकणात किंवा वेगळ्या नळीत. ती बुजली की टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल वर चढत नाही. मशीन काही मिनिटं नीट चालून बंद पडत असेल, तर बंद पडल्याबरोबर झाकण थोडं सैल करा. सुस्कारा टाकल्यासारखा आवाज येऊन पुन्हा नीट चालू झालं, तर कारण सापडलं.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर कार्ब्युरेटर. हा जुन्या मोटरसायकलसारखा फ्लोटचा, म्हणजे तरंगत्या गोळ्याने पेट्रोल सोडणारा, नसतो. ग्रास कटर तिरका, आडवा, कसाही धरला तरी चालला पाहिजे, म्हणून यात दोन पातळ पडदे असतात, डायफ्राम. एक पडदा इंजिनाच्या क्रँककेसमधल्या (पिस्टनखालच्या पोकळीतल्या) दाबाच्या ठोक्यांवर हलतो आणि पेट्रोल ओढतो. दुसरा लागेल तसा सुईचा झडप उघडतो आणि पेट्रोल आत सोडतो. हे पडदे मऊ, कापडासारखे लवचीक हवेत. जुने झाले की ते कडक होतात, बोटाने दाबले तर कडकड वाजतात. मग सुई पुरेशी उघडत नाही आणि रेस दिली की नेमकं पेट्रोल कमी पडतं. तुमच्या वर्णनाशी हे अगदी जुळतं. पाइप-फिल्टर धड असतील तर माझा पहिला संशय यावरच.

डायफ्राम आणि गॅस्केटचा (सांध्यातून गळू नये म्हणून मध्ये बसवायच्या पातळ चकतीचा) किट कार्ब्युरेटरवरचा नंबर बघून मागवा. उघडताना प्रत्येक टप्प्याचा मोबाइलवर फोटो काढा. गॅस्केट आधी की पडदा आधी, हा क्रम दोन्ही बाजूंना वेगळा असू शकतो, आणि उलटा लागला तर मशीन चालूच होणार नाही. आत एक चिमुकली जाळी असते, ती हमखास भरलेली सापडते. भोकांत तार किंवा सुई घालू नका, भोक मोठं होतं. कार्ब्युरेटर क्लीनरचा स्प्रे आणि हवा पुरे, पण स्प्रे मारताना पडदे बाजूला काढून ठेवा आणि डोळ्यांवर चष्मा असू द्या.

बसवताना कार्ब्युरेटर आणि सिलिंडर यांमधलं गॅस्केट नीट बघा, दोन्ही बोल्ट सारखे आवळा. सैल बोल्टमधून हवा शिरली तरी हीच लक्षणं दिसतात. शिवाय रेस सोडल्यावर इंजिन लगेच खाली येत नाही, उंच आवाजात रेंगाळतं. गळती शोधायला काही जण चालू इंजिनावर स्प्रे मारतात. गरम सायलेन्सर वीतभर अंतरावर असताना ते मला धोक्याचं वाटतं, मी करत नाही.

आता स्क्रू. एल म्हणजे कमी रेसचा, एच म्हणजे पूर्ण रेसचा आणि टी नुसता स्लो धरायचा. फिरवण्याआधी प्रत्येक स्क्रू किती फेऱ्यांत हलकेच बंद होतो ते मोजून लिहून ठेवा आणि परत तिथेच आणा. मग एका वेळी आठवा भाग फेरी, इंजिन गरम असताना. एच उजवीकडे आवळला की आवाज टिपेला जातो, ताकद वाढल्यासारखी वाटते, आणि तेव्हाच पिस्टन कोरडा पडत असतो. मोकळ्यावर पूर्ण रेस दिली तर आवाजात किंचित भरडेपणा असावा आणि गवतात घातल्यावर तो मोकळा व्हावा. तिथेच थांबा. हवेची गळती तशीच ठेवून स्क्रूने ती झाकू नका. गळती वाढत जाते आणि स्क्रू मात्र तिथेच राहतो.

एवढ्यात सायलेन्सरची जाळीही काढून तारेच्या ब्रशने घासून घ्या. तुमचा मूळ दोष तो नाही, पण जुन्या मशीनमध्ये ती बहुतेकदा भरलेलीच असते. कापायची दोरी गार्डच्या पात्याबाहेर जात असेल तर तीही कापा, लांब दोरीने इंजिनावर नाहक ओझं येतं. मात्र दोरीच्या हेडला हात लावण्याआधी प्लगची टोपी काढून ठेवा.

सायलेन्सर सोडलाच आहे तर त्या भोकातून बॅटरी मारून पिस्टनकडे बघा. बाजू गुळगुळीत, एकसारखी दिसली तर निर्धास्त डायफ्राम किट मागवा. उभे ओरखडे दिसले आणि स्टार्टरची दोरी ओढताना हाताला फारसा जोर लागत नसेल, तर किटवर खर्च करू नका. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजून घ्या.