ठाण्यात येऊरच्या चढावर पोटरीत चमक भरली, १० किमीची शर्यत पाच आठवड्यांवर आहे. पळणं किती दिवस बंद ठेवू?

तुमच्या प्रश्नातली माहिती अशी: उपवनकडून येऊरच्या चढाला लागल्यावर उजव्या पोटरीत आतल्या अंगाला चमक भरली. आज चौथा दिवस. सपाटीवर लंगडावं लागत नाही, पण जिना उतरताना आणि सकाळची पहिली पावलं टाकताना दुखतं. वर्षा मॅरेथॉनची १० किमी पाच आठवड्यांवर आहे.

आधी काही गोष्टी तपासा. पोटरी सुजलेली, गरम, लालसर असेल आणि बसल्या जागीही ठणकत असेल, तर रक्ताची गुठळी असू शकते. चोळू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. सोबत धाप लागत असेल तर थेट कॅज्युअल्टीत. चमक भरताना 'फट्' असा आवाज आला असेल आणि त्या पायाची टाच उचलताच येत नसेल, तर पालथे झोपा, पावलं पलंगाबाहेर ठेवा आणि घरच्यांना पोटरी दाबायला सांगा. पाऊल हललं नाही तर टाचेमागची अकिलिसची शीर (टेंडन, पोटरीला टाचेशी जोडणारी दोरी) तुटलेली असू शकते. आणि मांसाऐवजी नडगीच्या हाडावरच बोटाएवढ्या जागी दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा गेलाय का ते ऑर्थोपेडिककडे बघून घ्या.

यातलं काही नसेल तर बहुधा स्नायूचे थोडे तंतू फाटले आहेत. नुसता गोळा आला असता तर काही मिनिटांत सुटला असता; फार तर दुसऱ्या दिवशी पाय अवघडला असता. चौथ्या दिवशीही बोट ठेवून दाखवता येईल अशी जागा दुखते, तो गोळा नव्हे.

पोटरीत दोन मोठे स्नायू आहेत. वरचा गॅस्ट्रॉक्नेमियस, त्याखाली सोलियस. भिंतीला हात टेकून गुडघा सरळ ठेवून टाच उचला, मग गुडघा वाकवून उचला. सरळ असताना जास्त दुखलं तर दुखापत बहुधा वरच्या स्नायूत, वाकवल्यावर दुखलं तर सोलियसमध्ये. सोलियस फसवा आहे. चालताना काही जाणवत नाही आणि दुसऱ्या किलोमीटरला पोटरी दगडासारखी होते. पळताना त्याच्यावर शरीराच्या वजनाच्या सहा-आठ पट भार येतो, म्हणून त्याला वेळही जास्त द्यावा लागतो.

माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं आठव्या-दहाव्या दिवसाबद्दल आहे. त्या सुमाराला दुखणं जवळजवळ जातं, माणूस बूट चढवतो आणि पोटरी त्याच जागी पुन्हा फाटते, बहुतेक वेळा आधीपेक्षा जास्त. दुखणं थांबलं तरी तिथे भरून आलेला भाग अजून कच्चा असतो. म्हणून दिवस मोजू नका, ताकद मोजा.

आतापासून रोज ३० मिनिटं सपाटीवर चाला. दोन्ही बुटांत ६ ते १० मिमीची टाचेची गादी घातली की पोटरीवरचा ओढा कमी होतो. दोन आठवड्यांनी काढा. पहिला आठवडा पोटरी जोर लावून ताणू नका आणि मालिशवाल्याकडे जाऊ नका, जुळत आलेले तंतू त्याने पुन्हा सुटतात. बर्फ पहिल्या दोन दिवसांपुरता, तोही दुखणं कमी वाटावं म्हणून. दुखापतीला विश्रांती आणि बर्फ हा मंत्र १९७८ साली देणाऱ्या डॉ. गेब मिर्किन यांनीच पुढे बर्फाबद्दलचं मत बदललं.

व्यायामाला सोसायटीचा जिना पुरतो. आधी जमिनीवर, दोन्ही पायांनी टाचा उचलणं, १५ चे तीन फेरे, एक दिवसाआड. दुखलं नाही की पायरीवर, मग एका पायाने. हात कठड्याला फक्त तोलासाठी. दोन मोजत वर, क्षणभर थांबा, तीन मोजत खाली. भार अंगठ्याकडे ठेवा. बारा-पंधरानंतर बहुतेक लोक नकळत गुडघ्याने उसळी घेतात आणि टाच अर्धीच उचलतात. म्हणून चांगल्या पायावर डोकं जिथवर पोचतं तिथे भिंतीवर पेन्सिलची खूण करा. डोकं खुणेपर्यंत पोचेनासं झालं की मोजणी संपली. हाच व्यायाम गुडघा वाकवूनही करा, नाहीतर सोलियस कच्चाच राहतो.

दुखऱ्या पायावर खुणेपर्यंत २० वेळा आणि त्याच पायावर २० लंगडी-उड्या, दोन्ही न दुखता जमल्या की पळायला सुरुवात करा. तुमच्या बाबतीत हे चौदाव्या दिवसाच्या आसपास व्हावं, सोलियस असेल तर आणखी आठवडाभराने. एक मिनिट पळा, दोन मिनिटं चाला, असं आठ वेळा. मग एक दिवस सुट्टी. दुसऱ्या दिवशी सकाळी पोटरी काय म्हणते ते बघा: १० पैकी २ पेक्षा जास्त दुखली तर एक पायरी मागे. ठीक असेल तर दोन मिनिटं पळणं, एक मिनिट चालणं; तेही दोनदा निभावलं की सलग २० मिनिटं.

जागा छोट्या फेरीची निवडा. नवी मुंबईचा पाम बीच रोड सपाट आहे, पण तीन किलोमीटर पुढे गेल्यावर दुखलं तर तितकंच लंगडत परत यावं लागतं. उपवनला तलावाकाठी कुठेही थांबता येतं. मात्र पावसाळ्यात शेवाळलेले पेव्हर ब्लॉक टाळा. पाय निसटताना पोटरी झटक्याने आखडते, आणि हाच झटका तिला आत्ता नको आहे. येऊर आणि वेगाचे सराव शर्यतीनंतरच.

पेनकिलर घेऊन पळू नका, दुखण्याची सूचनाच मिळत नाही. आणि या दिवसांत अंगात ताप असेल तर डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नका. डेंगी निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो.

शर्यतीच्या आठवडाभर आधी ७ किमी आरामात पळून दुसऱ्या सकाळी पोटरी शांत असेल, तर १० किमी धावा, पण वेळेचा विचार सोडून, आणि पहिले दोन किलोमीटर बोलता येईल इतक्या संथ. ७ किमी जमलेच नाहीत तर बिब (शर्यतीचा छातीवरचा नंबर) घरी ठेवा आणि जिन्यावरचा व्यायाम आणखी दोन महिने, आठवड्यातून दोनदा, पाठीवरच्या सॅकमध्ये ५ ते १० किलो वजन घालून चालू ठेवा.