विद्यापीठातल्या वायरमन-प्लंबरांनी पाच वर्षांचा करार आणि एकरकमी रक्कम स्वीकारावी का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या खासगी विद्यापीठात वायरमन, प्लंबर, सुतार, पंप ऑपरेटर मिळून चाळीसेक जण आहात. जुन्या कराराची मुदत संपलीय, आणि व्यवस्थापन म्हणतंय की तीनऐवजी पाच वर्षांचा करार करा, मागच्या पगारवाढीच्या फरकाऐवजी एकरकमी रक्कम घ्या.

नका घेऊ. निदान त्या रकमेच्या बदल्यात तुमच्या मागणीपत्रातलं कोणतं कलम गळतंय ते कळेपर्यंत सही करू नका. मी एकतीस वर्षं एका विद्यापीठाच्या देखभाल विभागात होतो, वायरमन म्हणून लागलो आणि सुपरवायझर म्हणून निवृत्त झालो. दोन करारांच्या वाटाघाटींना मी टेबलावर होतो. त्यातल्या १९९९ च्या करारावर माझी सही आहे आणि ती मला आजही टोचते.

त्या वर्षी युनियनमध्ये आम्ही ट्रेडवाले एकोणसाठ, आणि कारकून, शिपाई, लॅब असिस्टंट तीनशेच्या वर. पहिल्याच बैठकीत व्यवस्थापनाच्या वकिलांनी मुद्दा काढला की विद्यापीठ हा उद्योगच नाही, तेव्हा औद्योगिक विवाद कायदा इथे लागत नाही. तुमच्याकडेही कुणीतरी हे काढेल. दिल्ली विद्यापीठाच्या बस ड्रायव्हरांच्या खटल्यात १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने तसं म्हटलं होतं खरं, पण १९७८ च्या बंगलोर वॉटर सप्लायच्या निकालात सात न्यायमूर्तींच्या पीठाने ते रद्दबातल ठरवलं. पुढे १९८८ मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात न्यायालय म्हणालं की शिक्षक कायद्याच्या व्याख्येतले ‘कामगार’ नाहीत, पण शिक्षणसंस्था उद्योगच आहे. आम्ही तर पक्कड-पाना घेऊन राबणारी माणसं. हे सगळं मी कागदावर लिहून नेलं होतं. वकिलांनी मुद्दा सोडला.

मग एक अधिकारी म्हणाले, “दिवा बदलायला परवानावाला वायरमन कशाला लागतो?”

पुढच्या बैठकीला मी सबस्टेशनचं लॉगबुक घेऊन गेलो. अकरा महिन्यांत रात्रीचे १४३ कॉल, आणि प्रत्येक पानाखाली त्यांच्याच अधिकाऱ्यांच्या सह्या. त्यातलं मे महिन्यातलं एक पान मी मोठ्याने वाचून दाखवलं. रात्री साडेदहाला ११ केव्हीच्या केबलचा जॉइंट उडाला होता. वसतिगृहाचे पंप बंद, प्रयोगशाळेतले डीप फ्रीजर बंद. तो जॉइंट जमिनीत नेमका कुठे आहे हे आमच्यातल्या दोघांनाच ठाऊक होतं, कारण नकाशात ती केबल दाखवलेलीच नव्हती. दोन्ही टोकांना अर्थिंग केलं, खड्डा खणला, नवा जॉइंट भरला, मेगरने केबलचं इन्सुलेशन तपासलं आणि सकाळी सातला सप्लाय चालू केला. मी वाचत होतो तोवर खोलीत कुणी बोललं नाही. रात्रीच्या प्रत्येक कॉलला किमान चार तासांचा ओव्हरटाइम आम्हाला त्याच दिवशी मिळाला. तुमच्या कामाचं लॉगबुक, पंपहाउसची वही, तक्रार रजिस्टर, जे काही असेल त्याच्या झेरॉक्स आजच काढून ठेवा. वाटाघाटी फिसकटायला लागल्या की वह्या कपाटात जातात.

खरं दुखणं पुढे आहे. आमच्या मागणीपत्रात चौदावं कलम होतं: ट्रेडमधली जागा रिकामी झाली की सहा महिन्यांत त्याच ट्रेडच्या, आयटीआय झालेल्या माणसाने ती कायम म्हणून भरायची, वायरमनच्या जागेला परवाना सक्तीचा. शेवटच्या बैठकीत व्यवस्थापन म्हणालं, चौदावं सोडा, माणशी १५,००० रुपये रोख देतो.

आमचे सरचिटणीस माझे साडू. त्यांनी मला चहाच्या निमित्ताने बाहेर नेलं. म्हणाले, “अरे, जागा काय खायच्यात? लोकांना जूनमध्ये पोरांच्या फिया भरायच्यात.” मी म्हटलं, “अण्णा, पैसे जूनमध्येच संपतील. जागा गेली की परत मागता येणार नाही.” द्वारसभेत हात वर करायला सांगितले. आम्ही एकोणसाठ कुठे पुरे पडणार होतो?

मी निवृत्त झालो तेव्हा एकोणीस वायरमनांपैकी तीन उरले होते. बाकी कंत्राटदाराने आणलेली मुलं. त्यांच्या हुशारीबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण दर अकरा महिन्यांनी माणूस बदलला तर जमिनीतला जॉइंट त्याला कोण दाखवणार? आणि त्यांना कायम करा म्हणायलाही सोय नाही. राहुरीच्या कृषी विद्यापीठातल्या रोजंदारी कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्पष्ट सांगितलं की मंजूर पदच नसेल तर कायमपण देता येत नाही. मी चौदाव्या कलमासाठी भांडत होतो ते याच भीतीने.

अण्णा आजही लग्नकार्यात भेटले की म्हणतात, त्याच पैशात तू गावाकडच्या घराला स्लॅब टाकलास. टाकला, नाही म्हणत नाही. पण हिशोब बघा. एकरकमी पैसा मूळ पगारात धरला जात नाही, म्हणून त्यावर पुढे पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही. मूळ पगारात १,००० रुपये वाढले आणि नोकरी २६ वर्षं झाली, तर नुसत्या ग्रॅच्युइटीत १५,००० चा फरक पडतो. म्हणजे जेवढ्याला आम्ही कलम विकलं तेवढे. शिवाय मालकाचे पीएफचे दरमहा १२० वेगळे, आणि महागाई भत्ता मूळ पगाराच्या टक्क्यांत असेल तर तोही वाढतो. अण्णा, तुम्ही हे वाचत असाल तर उत्तर द्या.

पाच वर्षांचं म्हणाल तर मुदतीत वाईट काही नाही, महागाई भत्ता निर्देशांकाला बांधलेला असला म्हणजे झालं. तो ठरावीक रकमेचा असेल तर तीनच्या पुढे जाऊ नका. मुदत संपली म्हणून घाईही करू नका; करार संपवण्याची लेखी नोटीस देऊन दोन महिने होईपर्यंत जुना करार बांधील राहतो. सही शक्यतो समेट अधिकाऱ्यासमोर, म्हणजे कामगार-मालक तंटे मिटवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यासमोर करा. तो करार सगळ्या कामगारांना लागू होतो, आपसात केलेला फक्त सही करणाऱ्या पक्षांपुरता.

माझा अनुभव जुन्या औद्योगिक विवाद कायद्याखालचा आहे, हेही सांगायला हवं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता लागू झालीय आणि तिच्यात, एकाहून जास्त युनियन असतील तर, वाटाघाटीच्या एकमेव हक्कासाठी ५१ टक्के कामगार त्या युनियनचे सभासद असण्याची अट आहे, तेव्हा कामगारांच्या बाजूच्या वकिलाला मसुदा दाखवा. तुमच्यातले कुणी वर्ष-दोन वर्षांत निवृत्त होणार असतील तर त्यांना रोख रक्कम सोयीची वाटेल, त्यांना दोष देऊ नका.

तुमच्या खात्यात आज ट्रेडवार मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती, तेवढं कळवा. आणि रिकाम्या जागांबद्दल मसुद्यात काय लिहिलंय ते कलम जसंच्या तसं इथे टाका.