रॅपलिंग कधीच केलेलं नसताना सांधण दरी उतरता येईल का?

तुमचा प्रश्न असा आहे: चौघांपैकी कोणीच रॅपलिंग (दोरानं कडा उतरणं) केलेलं नाही, एका मैत्रिणीला उंचीची भीती वाटते, दोर आणि हार्नेस (अंगाला बांधायचा पट्टा) एका ओळखीच्यांकडून मिळणार आहे, आणि व्हिडिओ बघून शिकून डिसेंबरात आपले आपणच सांधण उतरायची आहे. जमेल का?

उतरता येईल. पण आपले आपण जाऊ नका, एवढं आधीच सांगते.

मी सांधण पाच वेळा उतरले आहे. पहिल्यांदा गेले तेव्हा मीही तुमच्यासारखीच कोरी होते, तेव्हा तुमची हौस मला पुरेपूर कळते. या दरीसारखी जागा सह्याद्रीत दुसरी माझ्या तरी पाहण्यात नाही. रतनगडाच्या शेजारी, अकोले तालुक्यातल्या साम्रद गावाजवळ जमिनीला भेग पडावी तशी ही दरी सुरू होते. लांबी सुमारे 2 किलोमीटर, दोन्ही बाजूंना 200 ते 300 फुटांचे सरळ कातळ. काही ठिकाणी इतकी अरुंद की हिवाळ्यात भर दुपारीही तळाला ऊन पोचत नाही. वर घाटमाथा, खाली कोकण, आणि मधल्या या चिरेतून आपण उतरत असतो.

आता मुद्द्याचं. किल्ला चढताना दम लागला, वाट चुकली, पाऊस आला, तर आल्या पावली परत फिरता येतं. सांधणमध्ये दोरानं उतरायचा पहिला मोठा टप्पा, साधारण 45-50 फुटांचा, उतरलात आणि दोर खाली ओढून घेतलात की मागची वाट बंद झाली. पुढचे टप्पे लहान असले तरी ते उतरायलाच लागतात, त्यानंतर धोंड्यांवरून चाल, बहुतेक वेळा मुक्काम, आणि मग कुठे पायथ्याचं देहेणे गाव. फोनला रेंज नाही. कोणाचा पाय मुरगळला तर त्याला उचलून न्यायचं तेही त्याच धोंड्यांवरून. म्हणून जे काही ठरवायचं ते त्या पहिल्या टप्प्याच्या माथ्यावर, दोर ओढायच्या आधी. मी दुसऱ्या खेपेला याचा धडा घेतला.

तेव्हा आम्ही सहा जण होतो आणि आपल्याला आता सगळं येतं असं आम्हाला वाटत होतं. दोर वरच्या कडीतून दुहेरी सोडला होता. दोराच्या टोकाला गाठ मारतात, म्हणजे उतरणारा चुकून टोकावरून निसटत नाही. ती आम्ही बरोबर मारली. शेवटचा माणूस खाली आला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि आम्ही दोर ओढायला घेतला. जे टोक वर जाणार होतं त्याची गाठ सोडायची राहून गेली होती. गाठ सरसर वर गेली आणि कडीत जाऊन अडकली. कितीही हिसडे दिले तरी दोर हलेना. पुढच्या टप्प्यांसाठी आमच्याकडे तेवढा एकच दोर! ओल्या कपड्यांनी दीड तास तिथे उभे होतो, उजेड उतरत चाललेला. मागून दुसरा गट आला, त्यांच्यातल्या जाणत्या माणसानं वरून गाठ मोकळी केली, म्हणून निभावलं. त्या दिवशी मागून कोणी आलं नसतं तर काय, हा विचार मला अजून अस्वस्थ करतो.

व्हिडिओतून शिकण्याची अडचण हीच आहे. उतरायचं कसं हे त्यात दिसतं, आणि उतरणं खरं तर सोपं असतं. अवघड काम दोर लावणाऱ्याचं. कातळातली जुनी मेख धरवेल का, दोर कुठे घासतोय, तिथे खाली काय ठेवायचं, शेवटी कोण उतरणार, दोर ओढल्यावर मोकळा येईल ना. हे हातानं करून, चुकून, कोणीतरी ओरडून दुरुस्त केल्यावरच येतं. म्हणून अनुभवी गटाबरोबर जा. आणि त्यांना बेधडक विचारा: दोर किती जुना आहे, वर दोन वेगळे आधार घेता की एकच, खाली बिले द्यायला, म्हणजे उतरणाऱ्याचा दोर धरून राहायला, माणूस असतो का, प्रत्येकाला हेल्मेट मिळतं का. उत्तर द्यायला जो कंटाळतो त्याच्याबरोबर जाऊ नका. साम्रदमधला वाटाड्याही बरोबर घ्याच. पाणी यंदा किती आहे, मोहोळं कुठे बसली आहेत, हे गावातल्या माणसाइतकं कोणालाच ठाऊक नसतं. (मोहोळांवरून आठवलं, अंगाला अत्तर-डिओ लावू नका, आत शेकोटीचा धूर करू नका आणि आरडाओरडा तर मुळीच नको.)

उतरताना पहिली दोन पावलं सगळ्यात कठीण. कातळाच्या कडेला पाठ दरीकडे करून उभं राहायचं आणि मागे रेलायचं. मन म्हणतं, पुढे हो, कातळाला चिकट. तसं केलंत की पाय घसरतात आणि गुडघे फुटतात. कमरेत वाकून जवळजवळ खुर्चीत बसल्यासारखं मागे रेला, पाय खांद्याइतके फाकवा, अख्खा तळवा कातळावर टेकवा. उजवा हात कमरेमागे, दोर त्या हातात. हा हात काही झालं तरी सोडायचा नाही. डाव्या हाताला फारसं काम नसतं, पण नवखी माणसं तोच जिवाच्या आकांतानं आवळून धरतात आणि पाच मिनिटांत त्याची बोटं बधिर होतात. खाली बिले देणारा दोर धरून उभा असतो. तुमचा हात सुटलाच तर त्यानं दोर ताणला की तुम्ही जागच्या जागी थांबता. केस घट्ट बांधून हेल्मेटच्या आत घ्या, ओढणी किंवा सैल टीशर्ट नको. डिसेंडरमध्ये (दोर ज्यातून सरकतो त्या कमरेजवळच्या उपकरणात) अडकलं तर अधांतरी सोडवणं महाकठीण. उतरून झालं की भिंतीखाली रेंगाळू नका. वरून दगड येतात, कधी माणसाच्या पायानं, कधी वानरांमुळे.

रॅपलिंगच्या आधी दोन डोह लागतात. पहिला गुडघा-मांडीपर्यंत. दुसरा डिसेंबरात कमरेपर्यंत, कधी छातीपर्यंतही असतो, आणि ऊन न लागल्यामुळे पाणी बर्फासारखं. सॅक डोक्यावर घेऊन, पायानं तळातला दगड चाचपत, एकेक पाऊल टाकत जायचं. कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवा.

पावसाळ्यात या दरीत पाऊल टाकायचं नाही. ऑक्टोबरातही परतीचा पाऊस रेंगाळला असेल तर बेत पुढे ढकला. आतून आभाळाची फक्त एक पट्टी दिसते. घाटमाथ्यावर कोसळलेला पाऊस तुम्हाला कळायच्या आत पाण्याच्या लोंढ्यानं येऊन गाठतो, आणि त्या भिंतींमध्ये बाजूला व्हायला जागा नसते. तुमचा डिसेंबर योग्य आहे, फक्त रात्रीच्या थंडीची तयारी ठेवा.

राहता राहिली तुमची मैत्रीण. तिला घेऊन जा. पहिल्या टप्प्यापर्यंतची दरी पायीच आहे आणि तेवढी पाहिली तरी जाणं सार्थकी लागतं. माथ्यावर पोचल्यावर तिला शांतपणे एकदाच विचारा. ‘काही होत नाही गं, चल’ असं कोणी म्हणू नका. ती नाही म्हणाली तर तिच्याबरोबर साम्रदला परत कोण जाणार हे घरूनच ठरवून निघा, म्हणजे ऐन वेळी तिला ओशाळं वाटणार नाही.

माझी नणंद तिथूनच मागे फिरली होती, वाटाड्याच्या भावाबरोबर. आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी करोली घाटानं चढून घामाघूम होत साम्रदला पोचलो, तर ती अंगणात चुलीपुढे बसून त्या घरच्या काकूंकडून नागलीची भाकरी थापायला शिकत होती. आम्हाला बघून म्हणाली, “हात धुऊन या, पिठलं तयार आहे.”