एएफएमसीचा फॉर्म आणि आजोबांचा प्रश्न

ताई, पत्र वाचलं. मुलाला नीटनंतर पुण्याच्या एएफएमसीलाच, म्हणजे सैन्याच्या मेडिकल कॉलेजलाच जायचंय, टेस्टमध्ये मार्कही तसे पडताहेत, पण रिटायर्ड सुभेदार आजोबांनी जेवताना विचारलं की उद्या शत्रूचा जखमी पुढ्यात आणून टाकला तर त्यालापण वाचवणार का रे, आणि पोरगं गप्प बसलं. आता फॉर्म भरू द्यायचा का, असं तुम्ही विचारताय.

भरू द्या की. गप्प बसला हे मला उलट आवडलं. मॉक इंटरव्ह्यूत मी हाच प्रश्न टाकतो आणि बहुतेक मुलं माणुसकीवरचं पाठ केलेलं भाषण ठोकतात. मग मी विचारतो, दोन स्ट्रेचर आलेत, आपल्या जवानाच्या पोटरीत छर्रा पण रक्त थांबलंय, दुसरा शत्रूचा, पोटातनं भळाभळा रक्त जातंय, टेबल एकच, आधी कोण? इथे सगळे अडकतात. खरंतर हे डॉक्टरच्या मनावर सोडलेलंच नाहीये, युद्धातल्या जखमींसाठीच्या १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा कराराचं १२ वं कलम सांगतं की आधी कोणाला घ्यायचं ते फक्त वैद्यकीय निकडीवर ठरणार, आणि आपल्याकडे १९६० पासून त्याचा कायदाही आहे. म्हणजे पोटवाला आधी. आपला जवान शिव्या घालेल, तर घालू दे.

आजोबांना १९७१ च्या युद्धाची आठवण करून द्या. ५ गोरखा रायफल्सचे मेजर इयान कार्डोझो, सुरुंगावर पाय पडला, चिंधड्या झालेला पाय त्यांनी स्वतःच खुकरीने कापला, आणि पुढच्या ऑपरेशनला सर्जन मिळाला तो आपल्या कैदेतला पाकिस्तानी, मेजर मोहम्मद बशीर! कार्डोझो आधी नकोच म्हणत होते, शेवटी त्यांच्या कमांडिंग ऑफिसरने दटावलं. नंतर याच माणसाने लाकडी पायावर बटालियन आणि ब्रिगेड दोन्ही कमांड केल्या. तो सर्जन आजोबांसारखा विचार करत बसला असता तर?

आता कामाचं. एमसीसीच्या (मेडिकल प्रवेशाचं काउन्सेलिंग करणाऱ्या समितीच्या) साइटवर रजिस्ट्रेशन करताना एएफएमसीचा ऑप्शन निवडावाच लागतो, नुसत्या नीटच्या मार्कांवर बोलावणं येत नाही, खूप जण इथेच चुकतात. मग पुण्यात इंग्रजी-लॉजिकची टेस्ट, इंटरव्ह्यू, मेडिकल. सैन्यात नोकरी करण्याचा बाँड घरी सगळ्यांनी बसून वाचा, मधेच सोडलं तर रक्कम मोठी असते. मन तयार नसेल तर बाहेरून एमबीबीएस करून नंतर शॉर्ट सर्व्हिसने, म्हणजे ठरावीक वर्षांच्या नोकरीवर, आर्मी मेडिकल कोअरमध्ये जाता येतं, तोवर विचार करायला वेळही मिळतो.

आणि त्याला चष्मा आहे का ते लिहिलं नाहीत, नंबर जास्त असेल तर मेडिकलचे निकष आधी बघून घ्या.