राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारात काय बघावं: जाहीरनाम्यापलीकडचं थोडं

तुम्ही लिहिलंय की नुकतंच अमेरिकेचं नागरिकत्व मिळालंय, राष्ट्राध्यक्षपदासाठी पहिल्यांदाच मत द्यायचंय, आणि इमिग्रेशन, कर, आरोग्यविमा अशा विषयांवर कोणाचं काय म्हणणं आहे याचा तक्ता करूनही मन ठरत नाही. शिवाय तुमचं राज्य वर्षानुवर्षं एकाच पक्षाकडे जातंय, मग एवढा अभ्यास करून उपयोग काय, हाही प्रश्न आहेच. बऱ्याच निवडणुका बघून आणि मत देऊन माझं जे मत बनलंय ते सविस्तर लिहितो. कोणाला मत द्या हे मात्र सांगणार नाही.

तक्ता ठेवा, पण त्याला निम्म्याहून कमी वजन द्या. निवडून आलेल्या माणसाचा कस ज्या गोष्टींत लागतो, त्यांतल्या अनेकींबद्दल प्रचारात कोणी विचारलेलंच नसतं. १९१६ मध्ये वुड्रो विल्सन यांचा प्रचार ‘यांनी आपल्याला युद्धापासून दूर ठेवलं’ असा होता. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. १९३२ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट सरकारी खर्चात कपात करून जमाखर्चाचा मेळ घालू म्हणत होते, आणि सत्तेत आल्यावर त्यांनी न्यू डीलच्या, म्हणजे मंदीतून देश सावरण्याच्या, योजनांवर पैसा ओतला. २००० च्या डिबेटमध्ये जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी दुसऱ्या देशांची घडी बसवायला आपलं सैन्य वापरू नये असं सांगितलं होतं. वर्षभरात ११ सप्टेंबर घडलं, मग अफगाणिस्तान, मग इराक. यांतल्या प्रत्येकाला मी खोटारडा म्हणणार नाही. रूझवेल्ट यांनी तर शब्द फिरवला म्हणूनच लाखो लोकांच्या हाताला काम मिळालं. सांगायचं एवढंच की तुमच्या तक्त्यातले रकाने आजच्या प्रश्नांचे आहेत, आणि त्या खुर्चीतल्या माणसापुढे उद्याचे प्रश्न येणार आहेत.

तक्त्याबद्दल आणखी एक. त्यातलं काय खरोखर राष्ट्राध्यक्षाच्या हातात आहे ते आधी वेगळं काढा. आपल्या मंडळींचा जिव्हाळ्याचा विषय घ्या. ग्रीन कार्डावरची दर देशामागे सात टक्क्यांची मर्यादा कायद्यात आहे. ती हटवायची तर काँग्रेसने (म्हणजे अमेरिकेच्या संसदेने; प्रतिनिधीगृह आणि सिनेट ही तिची दोन सभागृहं) कायदा बदलायला हवा, राष्ट्राध्यक्षाच्या सहीने ती जात नाही. उलट एच-४ व्हिसावरच्या (एच-१बी नोकरदारांच्या कुटुंबीयांचा व्हिसा) काही जोडीदारांना काम करायची परवानगी २०१५ मध्ये मिळाली ती प्रशासनाने केलेल्या नियमाने, आणि नियम पुढचं प्रशासन बदलायला घेऊ शकतं. कर वाढवणं-कमी करणं मुख्यतः काँग्रेसच्या हातात. ओबामांनी सत्तेत आल्या आल्या, २२ जानेवारी २००९ रोजी, ग्वांतानामोचा (क्युबातल्या अमेरिकी तळावरचा, दहशतवादाच्या संशयितांचा) तुरुंग वर्षभरात बंद करण्याच्या आदेशावर सही केली. काँग्रेसने कैद्यांना अमेरिकेत हलवायला पैसा द्यायचं नाकारलं आणि तुरुंग उघडाच राहिला. म्हणून ‘मी पहिल्याच दिवशी अमुक करीन’ असं कोणी म्हणालं की मी पहिल्यांदा हे बघतो की ते करायचा अधिकार त्याला आहे का. अधिकार नाही हे माहीत असूनही तो ठणकावून सांगत असेल, तर तो आपल्याला काय समजतो ते तिथेच कळतं.

आता ज्या गोष्टी खरोखर त्याच्या हातात असतात त्या बघा. अण्वस्त्र वापरण्याचा आदेश तो एकटा देऊ शकतो. संघराज्याच्या कायद्याखालच्या गुन्ह्यांना माफी तो एकटा देतो. सैन्याचा सरसेनापती तो. काँग्रेसने मंजूर केलेलं विधेयक तो अडवू शकतो, आणि ते त्याच्या विरोधात जाऊन मंजूर करायला दोन्ही सभागृहांत दोनतृतीयांश मतं लागतात. खात्यांचे मंत्री, राजदूत, न्यायाधीश यांची नावं तो सुचवतो. सर्वोच्च न्यायालयात नेमलेला न्यायाधीश तहहयात बसतो. जिमी कार्टर यांना चार वर्षांत तिथे एकही नेमणूक करायची वेळ आली नाही, ट्रम्प यांना पहिल्या चार वर्षांत तीन करता आल्या. हे सगळे अधिकार धोरणापेक्षा त्या माणसाच्या विवेकावर चालतात. म्हणून मी सगळ्यात जास्त वेळ एकाच गोष्टीवर घालवतो: हा माणूस निर्णय घेतो कसा?

यासाठी केनेडींची दोन वर्षं शेजारी ठेवून बघा. एप्रिल १९६१ मध्ये सीआयएने तयार केलेले सुमारे चौदाशे क्युबन निर्वासित, कॅस्ट्रो यांची सत्ता उलथवायला, क्युबाच्या किनाऱ्यावर, बे ऑफ पिग्जमध्ये उतरवले गेले. योजना आधीच्या प्रशासनापासून चालत आलेली. सिनेटर फुलब्राइट यांनी बैठकीत तोंडावर विरोध केला, पण ज्यांच्या मनात शंका होती असे बाकीचे बरेचजण गप्प राहिले. तीन दिवसांत सगळं कोसळलं आणि हजारावर माणसं कैद झाली. केनेडींनी पत्रकारांसमोर जबाबदारी आपली असल्याचं सांगितलं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे सल्ला घ्यायची पद्धत बदलली. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्युबातली सोव्हिएत क्षेपणास्त्रं सापडली, तेव्हा सेनाधिकारी हवाई हल्ल्यासाठी आग्रही होते. केनेडींनी निवडक लोकांचा गट बसवला, त्यांना एकमेकांचे मुद्दे खोडायला लावले, आणि आपल्या समोर लोक मोकळं बोलत नाहीत म्हणून काही बैठकांना ते मुद्दाम गेले नाहीत. शेवटी हल्ल्याऐवजी नौदलाची नाकेबंदी ठरली, आणि तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रं गुपचूप काढून घेण्याची तडजोडही त्यांनी केली. क्युबात तेव्हा रणांगणावर वापरायची सोव्हिएत अण्वस्त्रंही पोचलेली होती, हे अमेरिकेला कळलं तीसेक वर्षांनी. हवाई हल्ला करून सैन्य उतरवलं असतं तर काय झालं असतं याचा विचार करूनही अंगावर काटा येतो.

माणूस तोच, खुर्ची तीच, मध्ये दीड वर्ष. फरक पडला तो अपयशातून तो काय शिकला याने. म्हणून उमेदवाराचा मोठा यशाचा किस्सा मला फारसा उपयोगी वाटत नाही, तो त्याची टीम सांगेलच. त्याचं एक मोठं फसलेलं काम शोधा. तो गव्हर्नर असताना पूर आला, एखादं सरकारी खातं कोलमडलं, अर्थसंकल्प अडकला, त्यानंतर त्याने काय केलं? दोष कुणाच्या माथी मारला? पुढच्या वेळी वेगळं काही केलं का? सिनेटर असेल तर अवघड प्रश्नावर मतदान केलं की गैरहजर राहिला? उद्योगातून आला असेल तर भागीदार, कामगार आणि कर्ज देणारे यांच्याशी अडचणीच्या काळात कसा वागला? ही माहिती त्या त्या राज्यातल्या स्थानिक वृत्तपत्रांच्या जुन्या बातम्यांत सापडते, आणि निवडणुकीच्या काळातल्या जाहिरातींपेक्षा ती कितीतरी बोलकी असते.

इथे ‘अनुभव’ या मोठ्या मुद्द्याबद्दल बोललंच पाहिजे, कारण दर निवडणुकीत तो येतो. वर्षं मोजून काही कळत नाही. जेम्स ब्युकॅनन प्रतिनिधीगृहात होते, सिनेटमध्ये होते, परराष्ट्रमंत्री होते, रशियात आणि ब्रिटनमध्ये अमेरिकेचे प्रतिनिधी होते. एवढी शिदोरी घेऊन आलेला माणूस मार्च १८६१ मध्ये पायउतार झाला तेव्हा सात राज्यं संघराज्यातून फुटून गेली होती, आणि इतिहासकार त्यांना सर्वांत वाईट राष्ट्राध्यक्षांमध्ये धरतात. त्यांच्यानंतर आलेले लिंकन प्रतिनिधीगृहात एकच मुदत काढलेले वकील. पण त्यांनी उमेदवारीसाठी आपल्याशी लढलेल्या सेवर्ड, चेस आणि बेट्स यांना मंत्रिमंडळात घेतलं. वकिली करत असताना ज्याने अपमान केला होता त्या स्टँटन यांना १८६२ मध्ये युद्धमंत्री केलं, कारण ते काम त्यांच्याइतकं चोख कोणी करणार नव्हतं.

यावरून माझा दुसरा मोठा निकष: भोवतीची माणसं. उमेदवाराच्या आसपास सगळे होयबा आहेत का? ‘साहेब, हे चुकतंय’ म्हणणारा एक तरी माणूस टिकून आहे का? जुने सहकारी सोडून गेले असतील तर का गेले, आणि नंतर काय बोलतात? एकदोघांचा राग समजू शकतो. जवळून काम केलेले अनेकजण एकच तक्रार करत असतील तर मी ती फार गांभीर्याने घेतो, मग ते कुठल्याही पक्षाचे असोत.

उपाध्यक्षपदाची निवड याच कसोटीत बसते, आणि लोक तिच्याकडे उगाचच दुर्लक्ष करतात. आजवर नऊ उपाध्यक्ष मुदतीच्या मध्येच राष्ट्राध्यक्ष झाले, आठजण मृत्यूमुळे आणि फोर्ड हे निक्सन यांच्या राजीनाम्यामुळे. १९४४ मध्ये रूझवेल्ट यांची तब्येत ढासळलेली होती, तरी उपाध्यक्ष झालेल्या ट्रूमन यांना त्यांनी फारसं विश्वासात घेतलं नाही. १२ एप्रिल १९४५ रोजी, उपाध्यक्षपदाच्या ८२व्या दिवशी, ट्रूमन राष्ट्राध्यक्ष झाले आणि अणुबाँबच्या प्रकल्पाची पूर्ण माहिती त्यांना २५ एप्रिलला मिळाली. उमेदवार आपला जोडीदार निवडतो तो फक्त एखादं राज्य जिंकायला की उद्या गरज पडली तर देश चालवायला, हे मी नीट बघतो. प्रकृतीचंही तसंच. ऑक्टोबर १९१९ मध्ये विल्सन यांना पक्षाघात झाला आणि खरी अवस्था देशापासून लपवली गेली. २०२४ मध्ये जूनच्या डिबेटनंतर बायडन यांना शर्यतीतून माघार घ्यावी लागली, तेव्हा हे आधीच उघड का बोललं गेलं नाही असं त्यांच्याच पक्षातल्या अनेकांनी विचारलं. वैद्यकीय अहवाल किंवा प्राप्तिकराची विवरणपत्रं जाहीर करायची सक्ती नाही. म्हणूनच स्वतःहून कोण काय दाखवतो, हे महत्त्वाचं.

डिबेट बघा, पण हजरजबाबीपणाला गुण देऊ नका. त्या खुर्चीत बसून दोन मिनिटांत टोला हाणायची वेळ क्वचितच येते. लांब मुलाखती जास्त उपयोगी. कठीण गोष्ट सामान्य माणसाला सरळ समजावून सांगता येते का, ते तिथे दिसतं. १२ मार्च १९३३ रोजी, देशभरच्या बँका बंद असताना, रूझवेल्ट यांनी रेडिओवरून बँक पैशाचं काय करते आणि उद्यापासून त्या टप्प्याटप्प्याने कशा उघडतील ते साध्या शब्दांत सांगितलं. बँका उघडल्यावर लोक पैसे काढायला नाही, परत भरायला रांगेत उभे राहिले.

एका बाबतीत मात्र मी तडजोड करत नाही. हरल्यावर हा माणूस काय करतो? १८०० च्या निवडणुकीत जॉन अ‍ॅडम्स जेफरसन यांच्याकडून हरले आणि १८०१ मध्ये सत्ता सोडून निमूटपणे घरी गेले. काँग्रेसपुढच्या मतमोजणीचं अध्यक्षपद उपाध्यक्षाकडे असतं; जानेवारी १९६१ मध्ये उपाध्यक्ष निक्सन यांनी स्वतःच्या पराभवाची मतं काँग्रेसपुढे मोजून केनेडी जिंकल्याचं जाहीर केलं. २००० मध्ये उपाध्यक्ष अल गोर बुश यांच्याकडून फ्लोरिडात ५३७ मतांनी हरले, देशभरात जास्त मतं मिळवूनही, आणि ६ जानेवारी २००१ रोजी त्यांच्याच बाजूच्या प्रतिनिधींच्या हरकती, सिनेटरची सही नसल्याने, त्यांनीच फेटाळल्या. २०२० नंतर ही रीत मोडली. पराभूत राष्ट्राध्यक्षांनी निकाल मान्य केला नाही, आणि ६ जानेवारी २०२१ रोजी मोजणी चालू असताना जमाव कॅपिटॉलमध्ये घुसला. तुम्ही कुठल्याही पक्षाचे असा, प्रत्येक उमेदवाराला हा प्रश्न लावा: न्यायालयाचा निकाल विरुद्ध गेला, निवडणूक हरली, तर हा ऐकेल का? शपथ राज्यघटना जपण्याची असते. ज्याला हरणं मान्य नाही त्याची करांबद्दलची भूमिका मला कितीही पटली तरी मी त्याला मत देणार नाही.

राहिला तुमच्या राज्याचा प्रश्न. इलेक्टोरल कॉलेजची (राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या, राज्याराज्यांतून आलेल्या प्रतिनिधींची) ५३८ मतं, जिंकायला २७०, आणि मेन व नेब्रास्का सोडून बाकी राज्यांत जिंकणाऱ्याला सगळी, त्यामुळे ठरलेल्या राज्यातलं नोव्हेंबरचं मत हलकं वाटतं हे खरं आहे. पण मग प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुकीत, उतरा. उमेदवार कोण असणार हे तिथे ठरतं, मतदान फार कमी होतं, आणि वर लिहिलेले निकष तिथे सगळ्यात जास्त उपयोगी पडतात, कारण एकाच पक्षातल्या लोकांची धोरणं जवळपास सारखी असतात आणि माणसातला फरक उघडा पडतो. त्याच वर्षी तुमच्या राज्यात सिनेटची जागा असेल तर तीही तितकीच बघा, राष्ट्राध्यक्षाच्या नेमणुका मंजूर करायच्या की अडवायच्या ते सिनेट ठरवतं. बऱ्याच राज्यांत प्रायमरीत मत द्यायला आधी त्या पक्षाचे मतदार म्हणून नोंदणी लागते आणि तिची मुदत काही ठिकाणी कित्येक आठवडे आधी संपते, तेव्हा आपल्या राज्याच्या निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर ती तारीख आजच बघून घ्या.