मार्चमधले वेड आणि फोनमधली गर्दी

(वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे)

प्रश्न : माझी मुलगी नॉर्थ कॅरोलिनातील रॅले येथे पदव्युत्तर शिक्षण घेते. लहानपणी तिने वर्तमानपत्रातले खेळाचे पान कधी उघडले नाही. पण मार्च उजाडला की आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप गटावर कॉलेजच्या बास्केटबॉलच्या चित्रफिती, एका रडक्या चेहऱ्याचे विनोद आणि रेघारेघांचा एक तक्ता येऊ लागतो. कॉलेजातल्या मुलांच्या सामन्यांसाठी एवढा मोठा देश हातातली कामे बाजूला ठेवतो, हे मला पटत नाही. हा काय प्रकार आहे?
— एक आई, नाशिक

उत्तर : हा प्रकार म्हणजे ‘मार्च मॅडनेस’, दर मार्चमध्ये भरणारी कॉलेजांची राष्ट्रीय बास्केटबॉल स्पर्धा. तिच्या वेडात तुमच्या मुलीपेक्षा तिच्या गावाचा हात अधिक आहे. रॅले, डरहॅम आणि चॅपल हिल ही शहरे एकमेकांच्या शेजारी असून तिन्हींत एकेक मोठे विद्यापीठ आहे. त्यांपैकी डरहॅमचे ड्यूक आणि चॅपल हिलचे नॉर्थ कॅरोलिना यांच्यात जेमतेम सोळा किलोमीटरचे अंतर आहे, आणि १९२० पासून चालत आलेले बास्केटबॉलचे वैर आहे. नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षे त्या भागात राहिलो. तिथल्या भारतीय वाणसामानाच्या दुकानातसुद्धा पिशवी भरता भरता ‘तुम्ही कोणाकडचे?’ असे विचारले जाई, आणि त्याचा अर्थ ड्यूकचे की कॅरोलिनाचे एवढाच असे. ड्यूकचे क्रीडागृह नऊ-साडेनऊ हजार माणसांचे, म्हणजे अमेरिकेच्या मानाने लहानच. त्यामुळे कॅरोलिनाविरुद्धच्या सामन्यात जागा मिळावी म्हणून विद्यार्थी ऐन थंडीत कित्येक आठवडे बाहेर तंबू ठोकून राहतात आणि तंबूत बसूनच परीक्षांचा अभ्यास करतात. गंमत म्हणजे एवढे जुने वैर असूनही राष्ट्रीय स्पर्धेत हे दोन संघ प्रथम समोरासमोर आले ते २०२२ मध्ये, न्यू ऑर्लिन्सच्या उपांत्य फेरीत. १९८० पासून ड्यूकला घडवणारे प्रशिक्षक माइक शिशेवस्की यांचा तो शेवटचा सामना ठरला, आणि कॅरोलिनाने तो ८१-७७ असा जिंकला. त्या पराभवाची आठवण काढून कॅरोलिनावाले आजही ड्यूकवाल्यांना डिवचतात.

आता तक्त्याविषयी. पुरुषांची ही स्पर्धा १९३९ मध्ये सुरू झाली. १९८५ मध्ये तीत ६४ संघ आले आणि २०११ पासून ६८ संघ असतात. सुरुवातीच्या चार सामन्यांतून ६४ संघ उरतात आणि पुढे सगळी बाद फेरी, म्हणजे एक पराभव झाला की वर्षभराची मेहनत तिथेच संपते. उरलेल्या ६३ सामन्यांत कोण जिंकेल याचा अंदाज आधीच भरून ठेवायचा, तो तक्ता म्हणजे ब्रॅकेट. कचेरीतला शिपाई, बँकेतला अधिकारी, शेजारच्या आजीबाई, सगळे तो भरतात. बराक ओबामा राष्ट्राध्यक्ष असताना दरवर्षी दूरचित्रवाणीवर आपला तक्ता भरून दाखवत असत. हा तक्ता भरण्याचे मार्ग किती, तर नवावर अठरा शून्ये दिली तरी थोडे कमीच पडतील. संपूर्ण बरोबर आलेला तक्ता अजून कोणाच्या नावावर नोंदला गेलेला नाही. २०१९ मध्ये ओहायोतील एका गृहस्थांचे पहिले ४९ अंदाज ओळीने बरोबर आले, तेव्हा देशभर त्यांचीच चर्चा झाली होती.

या खेळाला समाजमाध्यमे एवढी मानवली, ती माझ्या मते या तक्त्यामुळे. ज्याला चेंडू कसा टप्पे खातो एवढेही ठाऊक नाही, त्याचाही प्रत्येक सामन्यात काहीतरी जीव अडकलेला असतो. तो हरला तरी त्याला बोलायला विषय मिळतो, आणि बोलायला जागा फोनमध्ये आहेच. इंटरनेट येण्यापूर्वी हेच बोलणे कचेरीच्या मधल्या सुट्टीत होत असे.

रडका चेहरा मायकेल जॉर्डनचा आहे. २००९ मध्ये बास्केटबॉलच्या गौरवदालनात त्याचा समावेश झाला, त्या भाषणात त्याच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या. त्या क्षणाचे छायाचित्र पुढे हरलेल्या कोणाच्याही धडावर चिकटवले जाऊ लागले. १९८२ मध्ये कॉलेजच्या पहिल्याच वर्षी ज्याने अखेरच्या काही सेकंदांत चेंडू जाळ्यात टाकून नॉर्थ कॅरोलिनाला विजेतेपद मिळवून दिले, तो हाच जॉर्डन. २०१६ च्या अंतिम सामन्यात अगदी शेवटच्या क्षणी विलानोव्हाच्या खेळाडूने तीन गुणांचा चेंडू टाकून कॅरोलिनाला हरवले, तेव्हा हा माणूस प्रेक्षकांत बसलेला होता. त्या रात्री विनोद करणाऱ्यांना त्याचे रडणे दुसऱ्या कोणाच्या धडावर चिकटवण्याची गरजही उरली नाही.

प्रश्न : यातले चांगले खेळाडू थेट एनबीए या व्यावसायिक स्पर्धेत का जात नाहीत? आणि दोन्ही खेळांत फरक तो काय?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : एनबीएच्या नियमाप्रमाणे अमेरिकन मुलाचे वय त्या वर्षी निदान एकोणीस व्हावे लागते आणि शाळा सुटून एक वर्ष उलटावे लागते, म्हणून पुष्कळ गुणी मुले कॉलेजात एकच वर्ष काढतात. खेळाचे म्हणाल तर पुरुषांचा कॉलेजचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा असतो आणि चेंडू टाकायला ३० सेकंद मिळतात, तर एनबीएमध्ये बारा मिनिटांचे चार भाग आणि २४ सेकंद. कॉलेजात चुका जास्त होतात. मला त्या आवडतात.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. नातवाच्या फोनवर या सामन्यांतील खेळाडूंवर केलेली थट्टा पाहिली आणि वाईट वाटले. एकोणीस-वीस वर्षांची ही मुले आमच्या वर्गात असती तर आम्ही त्यांना पाठीशी घातले असते. त्यांना अशा रीतीने जगासमोर उभे करणे आपल्याला योग्य वाटते का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : सर, थट्टा आणि छळ यांत मी फरक करतो, आणि पहिलीला माझी हरकत नाही. १६ मार्च २०१८ ची रात्र घ्या. स्पर्धेत अग्रमानांकित असलेल्या व्हर्जिनियासमोर बाल्टिमोरजवळचे यूएमबीसी हे मेरीलँडचे एक सरकारी विद्यापीठ, ज्याचे नाव तोवर बुद्धिबळाच्या संघासाठी अधिक घेतले जाई, ते सोळाव्या मानांकनाने, म्हणजे सोळा संघांच्या गटात सर्वांत खालच्या क्रमांकाने, उभे होते. पुरुषांच्या स्पर्धेत त्यापूर्वी असे १३५ सामने झाले होते आणि १३५ वेळा पहिले मानांकन जिंकले होते. मध्यंतराला गुण २१-२१ होते. त्यानंतर जे घडले त्यात व्हर्जिनियाचा ७४-५४ असा धुव्वा उडाला. त्या सबंध संध्याकाळी त्या छोट्या संस्थेचे ट्विटर खाते प्रत्येक टवाळखोराला हजरजबाबी उत्तरे देत होते. काही हजारांवर असलेले त्याचे अनुयायी एका रात्रीत लाखाच्या पुढे गेले. व्हर्जिनियाच्या मुलांची मात्र वर्षभर हुर्यो झाली. पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, ती मुले विजेती ठरली. एवढी थट्टा खेळाच्या अंगणातलीच आहे, असे मी म्हणेन.

छळाचे मूळ मला वेगळ्या ठिकाणी दिसते, आणि ते म्हणजे पैजा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये खेळांवरील पैजांवरची देशव्यापी बंदी रद्द केली. त्यानंतर राज्याराज्यांत फोनवरून पैजा घेणारी अॅप आली, आणि संघाच्या जय-पराजयाबरोबरच अमुक एक खेळाडू किती गुण करील यावरही पैसे लावता येऊ लागले. ज्याचे पैसे बुडाले, त्याला त्या मुलाचे खाते शोधायला क्षणभर पुरतो, आणि सामना संपून मुलगा कपडे बदलायच्या खोलीत पोहोचण्याआधी त्याच्या फोनवर शिव्या आणि धमक्या येऊन पडलेल्या असतात. कॉलेजच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संस्थेचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी मार्च २०२४ मध्ये एकेका विद्यार्थ्यावर लागणाऱ्या अशा पैजा बंद करा, असे आवाहन राज्यांना केले. मला ते उशिराचे पण योग्य वाटते.

तिसराही एक प्रकार आहे, आणि त्याबाबत निवाडा देणे मला सर्वांत अवघड जाते. २०२३ च्या महिलांच्या अंतिम सामन्यात लुइझियाना स्टेटने आयोवाचा १०२-८५ असा पराभव केला. सामना संपत असताना विजयी संघाच्या एंजल रीसने आयोवाच्या केटलिन क्लार्ककडे पाहत चेहऱ्यासमोर पंजा हलवला. जॉन सीना या कुस्तीवीराची ही खूण आपल्याकडे केबलवर कुस्त्या पाहून वाढलेल्या पिढीच्या ओळखीची आहे. तीच खूण आधीच्या एका सामन्यात क्लार्कनेही केली होती, आणि तेव्हा लोकांनी टाळ्या पिटल्या होत्या. रीस कृष्णवर्णीय, क्लार्क गोरी. मग एकीचा जोश आणि दुसरीचा उद्धटपणा, अशी वाटणी व्हायला काही तासही लागले नाहीत. खुद्द क्लार्कने रीसवर टीका होऊ नये असे जाहीरपणे सांगितले. पण तोवर तो वाद त्या दोघींचा राहिलाच नव्हता.

एक गोष्ट मात्र पूर्वीपेक्षा बरी झाली आहे. १ जुलै २०२१ पर्यंत या मुलामुलींच्या नावावर आणि चेहऱ्यावर इतरांनी पैसे कमवावेत आणि त्यांनी स्वतः जाहिरातीचे पैसे घेतले तर नियमभंग ठरावा, अशी रीत होती. आता ते पैसे त्यांना मिळू शकतात. गर्दीच्या तोंडी तर त्यांना जावेच लागते. निदान त्याचा मोबदला त्यांच्या हाती पडावा, यात मला गैर काही दिसत नाही.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मी कॉलेज बास्केटबॉलच्या फक्त लहान क्लिप पाहते, पूर्ण सामना कधी पाहिलेला नाही. माझा मित्र म्हणतो की ही खरी आवड नव्हे. आपले मत काय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तुमच्या मित्राला मार्च २०२१ ची ती छोटीशी चित्रफीत दाखवा. महामारीमुळे महिलांची सगळी स्पर्धा सॅन अँटोनियोच्या आणि पुरुषांची इंडियानापोलिसच्या परिसरात भरली होती. पुरुषांना व्यायामासाठी सर्व साधनांनी भरलेले दालन होते. महिलांसाठी काय ठेवले होते, ते ओरेगॉनच्या एका खेळाडूने फोनवर चित्रित केले. आधी डंबेल्सची एकुलती एक छोटी घडवंची दिसते. जागा अपुरी असल्याचे कारण पुढे केले गेले होते, म्हणून ती फोन हळूहळू फिरवते आणि त्या घडवंचीमागचे भले मोठे रिकामे सभागृह दाखवते. युक्तिवाद म्हणून एवढेच पुरले. दोन-तीन दिवसांत साधने आली, पुढे चौकशी झाली, आणि २०२२ पासून महिलांच्या स्पर्धेलाही ‘मार्च मॅडनेस’ हे नाव लावायची आणि ६८ संघ घ्यायची मुभा मिळाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०२४ मध्ये, साउथ कॅरोलिना आणि आयोवा यांच्यातील महिलांचा अंतिम सामना अमेरिकेत पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा अधिक लोकांनी पाहिला. दूरचित्रवाणीने वर्षानुवर्षे जे दाखवले नाही ते एका क्लिपने दाखवले, हे नाकारून चालणार नाही.

तरीही माझे मत तुमच्या मित्राच्या बाजूला झुकते. क्लिपमध्ये चेंडू नेहमी जाळ्यात पडतो. शेवटची दोन मिनिटे घड्याळ थांबवत थांबवत पंधरा मिनिटे कशी चालतात, आघाडीवरचा संघ चेंडू नुसता धरून ठेवताना कसा घाबरतो, समोरच्याच्या चुकीबद्दल मिळालेली मोकळी फेक (फ्री थ्रो) कडीवर आपटून बाहेर आल्यावर समोरच्या विद्यार्थ्यांचा आवाज कसा चढतो, यातले क्लिपमध्ये काही उरत नाही, आणि व्हर्जिनियाच्या त्या रात्रीचे सगळे मर्म २१-२१ नंतरच्या वीस मिनिटांत होते.

ठाण्यात बसून पाहायचे असेल तर अंतिम सामन्याचा हट्ट धरू नका. पुरुषांचा अंतिम सामना सोमवारी रात्री होतो, म्हणजे आपल्याकडे मंगळवारी सकाळी सातच्या सुमारास, नेमकी लोकल पकडायच्या वेळी. पहिल्या फेरीचा गुरुवार निवडा. त्या दिवशीचे सामने आपल्या वेळेनुसार रात्री पावणेदहाच्या आसपास सुरू होतात. त्यात पाचव्या आणि बाराव्या मानांकनाची लढत शोधा, कारण तिथे बारावा संघ जवळजवळ दरवर्षी कोणाला तरी धक्का देतो. बसण्यापूर्वी एक बाजू मात्र निवडून ठेवा. बाराव्याची निवडलीत तर मित्राला पाचव्याची घ्यायला लावा.